विचारणारी डॉक्टरीण

आमची डॉक्टरीण कोणाला नमस्कार करत नसे. भेटलेल्या माणसाच्या जबड्याखाली ती दोन्ही हातांची बोटं घालायची, गळा दोन्हीकडून चाचपायची आणि मगच म्हणायची, "हं, बोला."

आमच्या गावाला, डोंगरकड्याला, ती आली त्या दिवशी सरपंच हार घेऊन गेले. हार त्यांच्या हातात राहिला आणि त्यांची मान हिच्या हातात.

"एक गाठ लागून राहिली," ती म्हणाली.

सरपंच मटकन खाली बसले.

"दाढ दुखती का?"

"व्हय."

"मंग दाढंमुळंच हाये. उठा."

पुढे एका लग्नात तिने अक्षता टाकल्या आणि नवरदेवाचा गळा धरला. वरमाय किंचाळली. मी मध्ये पडून सांगितलं, की बाई शहाणी आहे, तिची रीतच तशी आहे. वरमायला ते पटलं नाही. मलाही तेव्हा फारसं पटलेलं नव्हतं.

तिचं नाव विशाखा. कळमनुरीकडच्या मास्तरांची लेक, मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत नोकरीला. गावात मोबाइल नुकते यायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. तिने माझी बाहेरची खोली भाड्याने घेतली. डॉक्टर आली म्हणून लोक खोकला घेऊन, गुडघे घेऊन दारात येऊन बसले. तिने सगळ्यांचे गळे चाचपले आणि सगळ्यांना परत पाठवलं.

"मी दवा देणारी डॉक्टर न्हाई. मी विचारणारी डॉक्टर हाये."

काय विचारणारी, ते मी चौथी शिकलेली बाई, मला जेवढं कळलं तेवढं सांगते. बाईच्या छातीत गाठ होते. ती कापतात, मग जालीम औषधं देतात. त्या औषधांनी गाठ मरते, पण अंगाची रोगाशी झगडायची ताकदही पार खाली जाते. ती ताकद परत कशी येते? कोणाची लवकर, कोणाची उशिरा, असं काहून? दवाखान्याला बाई तेवढ्यापुरती दिसते. घरी ती काय खाते, काय उचलते, कोणात बसते, ते मुंबईहून दिसत नाही. म्हणून हीच इथे येऊन राहिली आणि औषध चालू असलेल्या बायांच्या घरी गावोगाव फिरायला लागली.

मी विचारलं, "मंग कशी येती ताकद परत?"

"अजून कळलं न्हाई, मावशी. पण कळंल."

इतक्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून असं मी पहिल्यांदाच ऐकलं. आमच्या तलाठ्याला सगळं कळलेलं असायचं. महाराजांना तर न विचारलेलंही कळलेलं असायचं.

बायांचं रक्त काढून ते बर्फाच्या डब्यात घालून ती एसटीने नांदेडला न्यायची. तिथून ते मुंबईला जायचं. डबा खाली ठेवायची नाही, मांडीवर घेऊन बसायची. कंडक्टरने एकदा विचारलं, "बाई, डब्यात काय, कुल्फी?"

"बाया हायत," ती म्हणाली. "पुसेगावची एक, सिद्धेश्वरकडची एक. डायवरला म्हणावं, खड्डा बघून चालव."

ड्रायव्हरने मागे वळून डब्याकडे पाहिलं आणि नांदेडपर्यंत गाडी अशी चालवली, की गाडीतल्या एका म्हातारीला झोप लागली.

स्वयंपाकाच्या नावाने तिचा सगळा आनंद होता. पोहे भिजवायची, तिखट-मीठ टाकायची आणि उभ्यानेच खायची. माझी सून कांता तिला रोज भाकरी द्यायची. एक दिवस भाकरी घेता घेता हिने सवयीने कांताचा गळा चाचपला. मग काखेत बोटं घातली. तिने भाकरी खाली ठेवली आणि पुन्हा चाचपलं. तिचा चेहरा बघून मी चुलीवरचा तवा खाली घेतला.

दुसऱ्या सकाळी ती कांताला आणि माझ्या लेकाला घेऊन नांदेडला गेली.

गाठ तीच निघाली. कापली. औषधं सुरू झाली. कांताच्या अंबाड्याचे केस उशीवर राहायला लागले. मी डॉक्टरणीला सरळ विचारलं, "वाचती का न्हाई, ते सांग."

ती उठली आणि मला केळीच्या वाफ्याजवळ घेऊन गेली. आमच्याकडे केळी चिक्कार.

"मावशी, घड निघाला की खोड कापता. मंग काय व्हतं?"

"कंदातून पिलं येतात."

"तसंच. हाडाच्या आतमधी कंद हाये. औषधानं वरचं सारं कापलं, कंद शाबूत हाये. पिलं येऊन राहिली. पण कवळी हायत. त्यांच्यात कोणी गुरं सोडू नका."

गाठीचंही तिने तिथेच सांगितलं. काही गाठी बाईच्या अंगातल्याच रसावर पोसतात, ज्याने पाळी येते त्याच रसावर. कांताची तशी होती. नंतर रोज एक गोळी घ्यायची, म्हणजे त्या गाठीचं पाणी तुटतं. पाणी तोडलेला वाफा मी पुष्कळ पाहिला आहे. मला ते बसल्या जागी समजलं.

गुरं सोडू नका म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जावंच लागतं. न जाणं म्हणजे नातं तोडणं. कांता घरी आल्याचं कळताच भेटणाऱ्यांची रांग लागली. डॉक्टरीण काठी घेऊन उंबऱ्यावर बसली.

"रोगाशी झगडणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी हायत. कोणी आत जायचं न्हाई. रस्त्यावरून हात हलवा."

माझी नणंद पुसेगावहून एसटी बदलून आली होती, केळ्यांची पिशवी आणि वाहतं नाक घेऊन.

"मी सख्खी आत्या हाये पोराची!"

"सर्दीबी सख्खीच हाये तुमची. मागं सरा."

"वयनी, ही भाडेकरीण मला काठी दाखवती, अन् तुमी बघून राहिल्या?"

"व्हय, बघून राहिले," मी म्हणाले. "हलवा हात अन् जा."

नणंदेने रस्त्यावरून हात हलवला. हलवला कसला, उगारला.

पुढे डॉक्टरणीलाच शिंक आली. तिने काठी माझ्या हातात दिली, सतरंजी उचलली आणि शाळेच्या वऱ्हांड्यात राहायला गेली. नाक सुकेपर्यंत रोज समोरच्या कडुलिंबाखाली उभी राहून ओरडायची, "कांते, ताप हाये का? पाणी उकळून पेलीस का?" कांता खिडकीतून हात हलवायची.

कांता उभी राहिली. केस आले, आधीपेक्षा दाट आले. एक दिवस डॉक्टरणीने तिच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंग लावून मला तिच्या बारकं मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून दाखवला. फिकट गोल गोल रक्त, आणि मध्येच जांभळ्या डोळ्याच्या त्या झगडणाऱ्या पेशी. एवढंसं ते, आणि त्याच्यावर माझं घर उभं होतं. मी पदर डोक्यावर घेतला. देवळातही मला कोणी आठवण करून द्यावी लागते.

पावसाळा सरता सरता डॉक्टरीणच तापाने पडली. तालुक्याला रक्त तपासून आली आणि खोलीत निजली. गाव आता शहाणं झालं होतं. कोणी आत गेलं नाही. बाया उंबऱ्यावर डबा ठेवून मागच्या मागे सरायच्या. सरपंचांनी रस्त्यावरून हात हलवला. नणंद मुद्दाम पुसेगावहून आली आणि लिंबाखालून ओरडली, "पाणी उकळून पेलीस का?" दारात कांता बसली होती, तीच काठी घेऊन. कोणाची हिंमत होती?

तिसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन आत गेले. मी घरमालकीण, मला काठी लागू नव्हती. डॉक्टरीण खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. पुढे सतरंजी अंथरलेली, कोपरे सरळ केलेले. स्टोव्हजवळ होते नव्हते तेवढे कप धुऊन पालथे घातलेले.

"कोणी येनार हाये का?" मी विचारलं.

"न्हाई." मग वाकून सतरंजीचा कोपरा पुन्हा सरळ करत, "मावशी, मला मलेरिया हाये. त्यो डासानं लागतो, माणसानं लागत न्हाई. माझ्या पेशीबी बराबर हायत."

"मंग तसं सांगायचं न्हाई व्हय?"

"काय सांगू? मला भेटायला या म्हणून?"

मी दारात जाऊन कांताच्या हातातली काठी घेतली आणि चुलीकडे भिरकावली. "जा आत," मी म्हणाले.

कांता आत गेली. सतरंजीवर बसली नाही, सरळ खाटेवर टेकली. तिने दोन्ही हातांची बोटं डॉक्टरणीच्या जबड्याखाली घातली आणि गळा दोन्हीकडून चाचपला.

"काय लागून राहिलं?" डॉक्टरणीने विचारलं.

"अजून कळलं न्हाई," कांता म्हणाली. पण बोटं काढली नाहीत.

मी रस्त्यावरच्यांना हाक मारली आणि चहाला आधण ठेवलं.