दोघांनी एकदम उडवलेलं लग्न

"तुझ्याकडे बंद पडत नाही म्हणून काय झालं? त्यांच्याकडे पडतोय ना!" फांगसाहेबांनी चौथ्यांदा तेच ऐकवलं आणि वान-रूने चौथ्यांदा कपाळावर हात मारला.

शिंचू शहरातली फांगसाहेबांची छोटी कंपनी कॉम्प्युटरच्या फायली साठवायचे डबे बनवायची. डब्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे पार गाभ्यात, फायलींचा जो कारभार चालतो तो त्साय वान-रूच्या हाती होता. लुकांगच्या एका फोटो स्टुडिओतला डबा दर दोन दिवसांनी जागच्या जागी गोठत होता. आणि सोमवारी तसेच दोन हजार डबे जहाजावर चढायचे होते.

परत केलेली मेमरी कोणीतरी पुन्हा वापरतंय, एवढं तिला कळलं होतं. लॉजमधली खोली सोडायची, चावी द्यायची आणि मग बिनदिक्कत त्याच पलंगावर जाऊन आडवं व्हायचं, तसला प्रकार. पण करतंय कोण? तीन दिवस तिने लाखो फायली लिहिल्या, उडवल्या, मधेच वायर उपटून पाहिली. डबा आपला ठणठणीत! शेवटी प्रोग्राममध्ये पाळत ठेवणाऱ्या चार ओळी घालून तिने गुरुवारी सकाळी लुकांग गाठलं.

स्टुडिओ लिआओ नवराबायकोचा. खाली काउंटरवर काकू, माडीवर काका, आणि दोघांचे कॉम्प्युटर त्या एकाच डब्याला जोडलेले.

"नेमकं काय करता तेव्हा बंद पडतो?"

"काहीच करत नाही," दोघं एका सुरात म्हणाले.

"काहीतरी करत असाल ना, काकू?"

"जुनी लग्नं उडवतो, बस्स. जागा नको का व्हायला? ह्यांना सांगते उडवा, पण हे ऐकतील तर शपथ. मग मीच उडवते."

"मी उडवतच असतो!" माडीवरून आवाज आला. "हिला धीर कुठला!"

वान-रू ताडकन उभी राहिली. एकाच लग्नाचं फोल्डर, दोघांकडून, एकाच क्षणी! एकाने मेमरी परत केली की दुसऱ्याचा हात नेमका तिच्यातच. ऑफिसात ती बिचारी एकटीच उडवत बसली होती.

"आता अगदी नेहमीसारखं करा," ती म्हणाली.

"आधी ह्यांना उडवू दे," काकू लाजून म्हणाल्या.

"छे छे, तू आधी. मला काय घाई आहे?"

पाहुणीसमोर दोघांचं वागणं साखरेत घोळल्यासारखं झालं. चहा आला, बिस्किटं आली, पुन्हा चहा आला. दुपारी दोनपर्यंत चाळीस लग्नं अत्यंत सभ्यपणे, एकामागून एक उडाली. फांगसाहेबांचे सहा फोन येऊन गेले. डब्याला काही म्हणजे काही झालं नाही.

वान-रूचा संयम संपला. "काकू, हा डबा घ्यायचं ठरवलं कोणी हो?"

काकूंनी बिस्किटांची बशी बाजूला सारली.

"कोणी म्हणजे? विक्रेत्याने गोड बोलून चहा पाजला आणि हे विरघळले!"

"आणि जुना डबा झटकताना पाडला कोणी?" माडीवरून उत्तर आलं.

"मी पाडला? उंदराला घाबरून टेबलावर चढलं कोण? ते राहू दे, ते चेनांचं लग्न उडवा आधी!"

"उडवतोय!"

"कुठे उडवताय? मीच उडवते!"

वर आणि खाली एकदमच कळा खाडकन वाजल्या. डब्याचा लुकलुकणारा दिवा थिजला.

"मेला! मेला!" वान-रू टाळ्या पिटत ओरडली.

काका धडपडत जिना उतरले. "कोण? कोण गेलं?"

पाळतीच्या नोंदींत चोर स्वच्छ दिसत होता. वान-रूने काउंटरवरच बसून दुरुस्ती लिहिली. एक जण फोल्डर उडवत असला की कुलूप लागणार. दुसऱ्याने थांबायचं आणि मग फोल्डर उरलंय का ते आधी पाहायचं. इनमीन तीन ओळी! तपासणीसाठी दोघांना पुन्हा भांडा असं सांगावं लागलं नाही. भांडण थांबलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत साठ वेळा दोघांनी एकदम उडवलं, डबा शाबूत राहिला. सोमवारी जहाज सुटलं. "उशीरच केलास तसा," फांगसाहेबांनी कौतुक केलं.

पुढच्या गुरुवारी लिआओकाकांचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"मुली, डबा आता अजिबात बंद पडत नाही गं."

"मग उत्तमच की, काका!"

"उत्तम कसलं? ज्याला उशीर होतो त्याच्या पडद्यावर येतं, 'हे फोल्डर आधीच उडवलेलं आहे.' आठवड्यात एकोणीस वेळा आलं, आणि सगळ्या वेळा माझ्याच पडद्यावर. ही भिंतीवर रेघा ओढून मोजतेय! पूर्वी निदान दोघं मिळून डब्याला शिव्या तरी द्यायचो." काकांनी आवाज आणखी उतरवला. "तो जुना प्रोग्राम परत घालता येईल का?"