सहीशिवाय इंटरनेट नाही

आमच्या शेजारच्या सिद्धरामकाकांच्या घरी बसून तुम्ही खिशातून मोबाईल काढलात, की ते तुमच्यापुढे एक लांबडी वही सरकवतात. नाव, वेळ, कारण. मोबाईल तुमचा, रिचार्ज तुमचा. पण त्यांच्या छपराखाली इंटरनेट उघडायचं तर सही हवी. त्यांच्या व्याह्यांनीसुद्धा लग्नाच्या बैठकीत 'मुहूर्त बघणे' असं कारण लिहून सही केलेली आहे.

एके काळी काकांच्या पुढच्या खोलीत सायबर कॅफे होता. चार संगणक, एक पंखा आणि ही वही. इंटरनेट म्हणजे काय, हे आमच्या गल्लीला त्यांनीच समजावलं. परदेशातल्या कुणा साहेबानं वेब शोधून काढलं आणि जगाला फुकट देऊन टाकलं, हे सांगताना ते हळहळायचे. "माणूस लई मोठ्या मनाचा. फकस्त वही ठेवायची राहिली बघा." पुढे इंटरनेटवर जे जे बिघडलं ते या एका चुकीमुळेच, यावर ते आजही ठाम आहेत.

दहावी-बारावीच्या निकालाला सगळी गल्ली त्यांच्या ओट्यावर लोटायची. आपण नंबर टाकला की काका भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. पोराचं तोंड पडलं तर ते कुणी बघू नये, एवढाच हेतू. "काका, वळा" म्हटल्यावरच वळायचे. मी गणितात उडालो तेव्हा बिचारे अर्धा तास भिंत बघत होते.

मग घरोघरी मोबाईल आले आणि कॅफे बसला. एक संगणक तेवढा राहिला. तो ते रोज पुसतात.

यंदा माझ्या मुलीचा, रेवाचा, बारावीचा निकाल होता. तिनं घरीच मोबाईलवर बघितला. पास! मी पेढे आणायला निघालो, तर काका इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसलेले. आत संगणक सुरू, वही उघडी, पान कोरं. सकाळपासून कुणीच फिरकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. माझ्या मागून आलेल्या रेवानंही ते पाहिलं.

"पेढे नंतर, बाबा," ती हळूच म्हणाली. आत जाऊन तिनं वहीत सही केली, कारण लिहिलं 'निकाल', आणि संगणकापुढे बसली.

काका भिंतीकडे वळले. त्यांनी हात पाठीमागे बांधले. संगणकावर निकालाचं पान उघडायला वेळ लागला. पास झालेली माझी मुलगी इतकी गंभीर बसली होती, की मलाच धाकधूक वाटायला लागली.

"काका, वळा की."

ते वळले तेव्हा डोळे भरले होते.

"मार्क मागनं सांग, बाळ," ते म्हणाले. "लई वर्सांनी कुणीतरी वळा म्हणालं."