डोक्यावरचा पाय

एका जंगलात एक इवलंसं देऊळ होतं. घंटा, क्रूस, वेदी, सगळं जागच्या जागी. बाक मात्र एकच. का, ते कळेलच. मध्येमध्ये बोलायचं नाही हं!

हे देऊळ दुमिंग कासवानं काढलं. आधी तो नदीपलीकडच्या मोठ्या देवळात जायचा. पण बिचारा पोचेपर्यंत मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपलेली असायची! एकदा तो वैतागला आणि म्हणाला, ‘‘आपलं देऊळ वेगळं. इथं मिस्सा सगळे आल्यावरच सुरू होईल.’’

मग एका वाटचुकल्या म्हाताऱ्या करकोच्यानं त्याच्या डोक्यावर पाय ठेवला, ‘हो बिशप’ म्हटलं आणि तो बिशप झाला. बिशप असाच होतो, बाळांनो. करकोच्याच्या डोक्यावरही आधी कुणीतरी पाय ठेवला होता, त्याच्या डोक्यावर आणखी कुणी, असं थेट नोहाच्या तारवापर्यंत. निदान करकोचा तरी तसं सांगायचा.

दुमिंगबाबांना ‘नाही’ म्हणता येत नसे. पेद्रू ससा म्हणाला, ‘‘मलाही बिशप व्हायचंय.’’ ठेवला पाय. कैतान मुंगूस आला, ठेवला पाय. लुसी बुलबुलच्या डोक्यावर तर उभा तुरा जन्मापासूनच होता, टोपीचाही खर्च वाचला!

उरला एकटा इनास साळिंदर. त्यालाही बिशप व्हायचं होतं, अगदी मनापासून. पण काट्यांवर पाय कोण ठेवणार? आईनंसुद्धा त्याला कधी कुरवाळलं नव्हतं. म्हणून तो काही मागायचाच नाही. बाकावर बसायचा आणि मोठ्यानं ‘आमेन’ म्हणायचा. म्हणून तर बाक एकच, कळलं?

पुढं दुमिंगबाबा थकले आणि तळ्याकाठच्या चिखलात विश्रांतीला गेले. झालं! गादीवरून जुंपली. पेद्रूनं बांबूच्या बेटात ‘मूळ देऊळ’ काढलं. कैताननं वारुळामागं ‘खरं मूळ देऊळ’ काढलं. लुसीनं जुन्या देवळालाच पाटी लावली, ‘हेच ते’.

भांडले खरे, पण बाबांचा नियम तिघांनीही पाळला. सगळे आल्याशिवाय मिस्सा नाही! आणि सगळे म्हणजे कोण? इनास!

रविवार उजाडला की तिघं त्याच्या बिळाशी हजर.

‘‘इनासभाऊ, माझ्याकडं आज कंदमुळं आहेत हो!’’

‘‘अरे, त्या सशाच्या मिस्सेत काही राम नाही!’’

‘‘चल रे बाबा, माझा घसा गाऊन गाऊन कोरडा पडला.’’

इनास रडकुंडीला आला. एकाकडं गेला की दोघं रुसायचे. शेवटी देवळाची पायरीही न चढणारी त्याची बायको नाताल कडाडली, ‘‘तुम्हीही बिशप होऊन टाका ना! मग कुणी बोलवायलाच येणार नाही!’’

इनास तडक तळ्यावर गेला. मागोमाग तिन्ही बिशप धावले.

‘‘बाबा,’’ इनास खाली मान घालून म्हणाला, ‘‘माझ्या डोक्यावर पाय ठेवाल?’’

‘‘ठेवतो की! माझं कातडं जाड. तुझे काटे मला काय टोचणार?’’

‘‘मग इतकी वर्षं का नाही ठेवलात?’’

‘‘तू मागितलंस कधी, वेड्या?’’

इनासनं डोकं पुढं केलं. बाबांनी पाय उचलला. इकडं तिघांचे चेहरे पांढरेफटक!

‘‘नको, नको!’’ पेद्रू ओरडला. ‘‘हाही बिशप झाला तर मिस्सा कुणासाठी म्हणायची?’’

पण पाय टेकला होता. ओला, जड, गार. इनासला एकदम भरून आलं. आपल्या डोक्याला इतकं बरं वाटू शकतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

‘‘करू बिशप?’’ बाबांनी विचारलं.

इनासनं तिघांकडं पाहिलं. लुसीचा तुरासुद्धा आडवा झाला होता.

‘‘नको,’’ तो म्हणाला. ‘‘नुसताच ठेवा थोडा वेळ. मग सगळे मिळून जुन्या देवळात जाऊ. मिस्सा तुम्ही म्हणा. आणि हे तिघं माझ्याशेजारी बसतील. नाही बसले, तर मी परत येतो बिशप व्हायला!’’

तिघं मुकाट्यानं निघाले. दुमिंगबाबांच्या चालीनं देवळात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. पण सगळे आले होते, त्यामुळे मिस्सा सुरू झाली.

बाकावर फार दाटी झाली. इनास इतका खूश होता, की प्रत्येक ‘आमेन’ला त्याच्या अंगावर काटा उभा राहायचा आणि तिन्ही बिशप ‘आई गं!’ म्हणायचे. बाबांना वाटलं, काय भक्ती आहे!

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी खुशाल बिशप व्हा. बाकावर बसणं प्रत्येकाला झेपत नाही.