सुदृढ बालक, मुक्काम हरसूल

सन १९७९ मध्ये शासनाने बालआरोग्याची जबाबदारी गावोगावच्या आरोग्यरक्षकांवर टाकली आणि त्या आरोग्यरक्षकांची जबाबदारी माझ्यावर. मी पर्यवेक्षक. हरसूल भागातल्या कुपोषणावर मी नाशिक रोडच्या राहत्या घरून, चहा घेत, अत्यंत तळमळीने लक्ष ठेवून असे.

एका सोमवारी हरसूलजवळच्या पाड्यावरच्या आरोग्यरक्षक भिमाबाई वजनांचा तक्ता घेऊन कार्यालयात आल्या.

"सायेब, सुलाबाईची पोर दीड वर्साची हाय, वजन पाच किलो. डोळं उघडत नाय. नाशिकला मोठ्या दवाखान्यात न्यायला जीप द्या."

मला गलबलून आलं, खोटं कशाला सांगू! पण जीप फक्त कार्यक्रमाला मिळते आणि एका मुलीचं आजारपण हा कार्यक्रम होत नाही. तेव्हा मी डोकं लढवलं. हरसूलला 'सुदृढ बालक स्पर्धा' ठेवली. जीप स्पर्धेला जाईल आणि येताना मुलीला घेऊन येईल. मंजुरीला फक्त नऊ दिवस लागले.

आता स्पर्धेला सुदृढ बालक हवं. भिमाबाईंच्या तक्त्यातल्या एकतीस मुलांपैकी एकही नियमात बसेना. बालक नाही तर स्पर्धा नाही, स्पर्धा नाही तर जीप नाही, आणि जीप नाही तर ती मुलगी! केवळ तिच्यासाठी मी आमच्या चिरंजीवांचं नाव दिलं. ढुंढिराज, वय दीड वर्ष, वजन तेरा किलो, मुक्काम हरसूल.

बाळ म्हटल्यावर त्याची आई श्यामला आली. श्यामला म्हटल्यावर सासूबाई आल्या. ढुंढिराज पहिला आला. वरिष्ठांच्या हस्ते त्याला स्टीलची वाटी मिळाली, फोटो निघाला.

परतताना भिमाबाई मुलीला छातीशी धरून जीपपाशी उभ्या होत्या. जीपमध्ये वरिष्ठ, मी, श्यामला, सासूबाई आणि विजेता.

"अहो, आपल्या ढुंढूला तिच्यापासून काही लागण झाली म्हणजे?" श्यामला कुजबुजली.

मी घसा साफ केला. "भिमाबाई, जागेची अडचण आहे. तुम्ही लेखी अर्ज द्या."

"अर्ज पोरीच्या उशाला ठेवू का काय?" एवढं बोलून त्या तरातरा एसटीच्या थांब्याकडे चालू लागल्या. मला माझी लाज वाटली. ती त्र्यंबकपर्यंत टिकली.

मुलगी महिनाभर दवाखान्यात राहून वाचली. तिच्या उशाशी भिमाबाई होत्या. 'पर्यवेक्षकांनी वेळीच केलेल्या उपाययोजनेमुळे' असं मी अहवालात लिहिलं आणि मला बढती मिळाली.

धास्ती एकाच गोष्टीची होती. फोटो वर्तमानपत्रात छापून आला होता. 'हरसूलच्या पाड्यावरील सुदृढ बालक': पायात पॉलिश केलेले बूट, लोकरीचे मोजे, गळ्यात सोन्याची साखळी. तुमच्यासारखा एखादा सुजाण वाचक हमखास विचारणार, म्हणून मी रोज टपाल आधी स्वतः उघडत होतो. सात पत्रं आली. सातही जणांनी एवढंच विचारलं होतं, बाळाला काय भरवता?