देवघरातला दुसरा डबा

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसणाऱ्याला निम्मीच गोष्ट ऐकू येते आणि उरलेली निम्मी तो घरी जाऊन स्वतः रचतो. नागभीडच्या वच्छलाबाईंनी काल्याच्या दिवशी अख्ख्या मोहल्ल्याला प्रसाद म्हणून काय वाटलं, ते आधी पुरतं ऐका, मग हसा.

वच्छलाबाईंचा जीव कीर्तनात. सप्ताह आला की बुक्क्याच्या पुड्या बांधायचं काम त्यांचंच. जुन्या वर्तमानपत्राची त्यांनी घातलेली तिकोनी घडी चालत्या सायकलवरून पडली तरी सुटायची नाही. त्यांची भाची दिव्यानी प्राणिशास्त्र शिकायला त्यांच्याकडे राहायची. तिचा विषय क्रेन फ्लाय, म्हणजे पावसाळ्यात भिंतीवर येऊन बसणारी, डासासारखीच पण डासाच्या चौपट, लांब तंगड्यांची माशी. ती चावत नाही, रक्त पीत नाही. एखादी पंख पसरून बसते, एखादी पाठीवर मिटून. त्यावरून घराण्याचा अंदाज बांधायचा आणि पंखांवरच्या शिरा बघून मग पक्कं ठरवायचं, असं दिव्यानीनं एकदा समजावून सांगितलं.

"मंग या कीर्तनातल्या बायाच झाल्या," वच्छलाबाई म्हणाल्या. "आपली केसरबाई पंख पसरून बसते. बाजूच्या दोघींची जागा जाते."

जगात या माश्यांच्या पंधरा हजारांवर जाती सापडल्यात, हे ऐकल्यावर तर त्यांनी हातच जोडले. "चौऱ्यांशी लाख योनीचा हिशोब बसते बराबर."

अडचण एवढीच, की या माशीला नुसता धक्का लागला तरी तंगडी गळून पडते. म्हणून मावशीनं भाचीला आपली घडी शिकवली. एका पुडीत एक माशी, वर पेन्सिलीनं गावाचं नाव. घराला ओल फार. कोरडी जागा काय ती देवघराची, शिवाय तिथे कापूर असल्यानं मुंग्याही यायच्या नाहीत. तेव्हा दिव्यानीचा बिस्किटाचा डबा मावशीच्या बुक्क्याच्या डब्याशेजारी राहू लागला. दोन्ही डबे एकाच दिवाळीला घेतलेले.

काल्याच्या त्या रविवारी ब्रह्मपुरीकडचे महाराज कीर्तनात असे रंगले, की दुपारी फुटायची हंडी कलत्या उन्हात फुटली. एका दृष्टांताच्या पोटातून दुसरा निघत होता. वच्छलाबाई दिवेलागणीपर्यंत ऐकत बसल्या असत्या, पण पोरंबाळं भुकेनं कासावीस झाली होती. त्यांनी घाईघाईत घरून डबा आणला, घराघराच्या हातावर पुडी ठेवली आणि त्यातली सगळ्यात निगुतीनं बांधलेली पुडी महाराजांना दिली.

घरी दिव्यानी बॅग भरत होती. तिनं डबा उघडला आणि तिची बोटं काळी झाली.

"मावशी, माह्या डब्यात बुक्का काऊन आहे?"

वच्छलाबाईंच्या ध्यानात आलं, वाटला तो दिव्यानीचा डबा होता. दोन पावसाळे नाल्यांतून हिंडून पोरीनं त्या माश्या गोळा केल्या होत्या. त्यात एटापल्लीच्या नाल्यावरची एक होती, लहानशी, पंखांवर लुगड्याच्या काठासारखे पट्टे. तशी कुठल्याच पुस्तकात नव्हती. नागपूरला बाहेरगावचे एक जाणकार फक्त उद्यापुरते येणार होते, त्यांना ती दाखवायची होती. दिव्यानी रडली नाही, आणि तेच मावशीला बघवेना.

"चाल," त्या म्हणाल्या. "देवाच्या नावानं वाटलं, आता देवाच्या नावानं खोटं नाई बोलायचं. डबा चुकला म्हणून सांगू."

पहिल्याच दारात वच्छलाबाईंनी डबा चुकल्याचं सांगितलं. केसरबाईंनी पुडी तांदळाच्या कोठीत ठेवली होती, बरकतीसाठी. ती त्यांनी काढून दिली, खरा बुक्का घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "वर हेमलकसा लिवलं होतं. मले वाटलं, बुक्का दुरून आनला."

पुढच्या घरी नथ्थूभाऊ अंगणात बसले होते. कपाळाला एक लांब, बारीक काडी चिकटलेली. त्यांनी इकडेतिकडे पाहून विचारलं, "बाई, प्रसादात डास काऊन जी?"

"डास नोय, काका. चावत नाई ही," दिव्यानी म्हणाली आणि तिनं चिमट्यानं त्यांच्या कपाळावरची तंगडी हळूच उचलली.

नथ्थूभाऊंनी सुटकेचा श्वास सोडला. "मी कीर्तनात झोपलो होतो ना. वाटलं, महाराजानं मलेच पायून हा डास देला."

पुडी उघडून बसलेल्या प्रत्येकाची तीच गत. ज्याच्या मनात जे खुपत होतं, ते त्याला माशीत दिसलं होतं, आणि म्हणून कुणी कुणाजवळ बोललं नव्हतं. दिवस बुडायला आला तोवर डबा भरला, पण एटापल्लीची पुडी काही मिळेना. आणि एकदम वच्छलाबाईंना आठवलं. जिवापाड जपायची माशी, म्हणून दिव्यानीनं तिलाच दुहेरी घडी घातली होती. सगळ्यात निगुतीची पुडी!

महाराज संध्याकाळच्या गाडीनं निघणार होते. मोहल्ल्यातल्या हेमराजची ऑटो धावली. स्टेशनात दोघी शिरल्या तेव्हा महाराज बाकावर एकटेच होते, मांडीवर पुडी उघडी, चेहरा उतरलेला. समोरून गाडी येत होती. तिच्या वाऱ्यानं एटापल्लीची माशी गोंदियाला जाणार, हे दिसत होतं. महाराजांच्या पायांवरून ज्यांची नजर कधी वर गेली नव्हती, त्या वच्छलाबाईंनी धावत जाऊन त्यांच्या मांडीवर पदराचा तंबू धरला.

गाडी थांबली. वारा निवला. दिव्यानीनं पदराखाली हात घालून घडी मिटली आणि बघितलं, दोन तंगड्या गळाल्या होत्या, पंख मात्र शाबूत.

"बाई," महाराज हळू आवाजात म्हणाले, "तोंडानं सांगतलं असतं तरी मी आयकलो असतो."

"काय जी?"

"देह एवढुसा अन् तंगड्या एवढ्या लांब. माह्यं आजचं कीर्तन तसंच झालं ना? समजला मले तुमचा दृष्टांत."

वच्छलाबाईंनी हात जोडून सारं खरं सांगितलं. महाराज इतके हसले, की गार्डानं शिट्टी दोनदा वाजवली. डब्यात चढता चढता ते वळले. "पन तंगड्यांचं खरं होय का नाई?"

"मले तं कमीच पडलं, महाराज," बाई म्हणाल्या, आणि ते अगदी मनापासून होतं.

पुढल्या वर्षी हंडी दुपारीच फुटली. सारा मोहल्ला वेळेवर जेवला आणि माशीला दुवा देऊ लागला. एकट्या वच्छलाबाई हिरमुसल्या.

आणि नागपूरला? जाणकारांनी भिंगाखाली पंख पुष्कळ वेळ पाहिले. म्हणाले, घडी उत्तम होती, शीर न् शीर दिसते. माझ्या ओळखीतली ही नाही. आणखी चार ठिकाणी ताडून बघावं लागेल, नाव मिळायला वर्षं जातील. दिव्यानीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मावशीला एकच काळजी पडली. "नाव नाई, तं तिले हाक कशी मारायची?"

तेव्हापासून सांजवात लावली की वच्छलाबाई सगळ्या देवांची नावं घेतात आणि शेवटी क्षणभर गप्प राहतात. ती जागा एटापल्लीवालीची. तुम्हीही आज घरी नामस्मरणाला बसाल, तेव्हा शेवटी एक श्वास रिकामा ठेवा. जिला अजून नाव नाही, तिचीही आठवण असू द्या.