शूलपाणींचा खाजेवरील निबंध

मुलांनो, ज्याला कुठे खाजवायचे असेल त्याने आत्ताच खाजवून घ्यावे. गोष्ट सुरू झाली की हात हलवायचा नाही.

एका जंगलात, जिथे अजून रस्ता पोहोचला नव्हता पण नियमावली पोहोचली होती, शूलपाणी नावाचे एक साळिंदर राहत होते. ते त्वचेचे संशोधक होते. अंगावर काटे असल्यामुळे ते रुग्णांना हात लावत नसत आणि रुग्ण त्यांना. स्वभावाने मात्र फार मऊ.

तीन वर्षे खपून त्यांनी एक निबंध लिहिला होता : ‘खाजेवर ओढ्याकाठच्या काळ्या चिखलाचा उपयोग’. तेव्हा झिपरी अस्वलीण खाजवून खाजवून अर्धी टकली झाली होती. तिने चिखल लावला, आठ दिवसांत बरी झाली आणि मध शोधायला निघून गेली. बाकीचेही बरे झाले. निबंधाचे नाव पुन्हा कुणी काढले नाही. खाज गेल्यावर खाजेबद्दल कोण बोलतो?

इथेच पंचाईत झाली. सिंहमहाराजांचा नियम असा होता : कुणी एखाद्या निबंधाचा उल्लेख केला, की सुतारपक्ष्याने त्या लेखकाच्या झाडावर एक भोक पाडायचे. पन्नास भोके झाली की लेखक राजवैद्य. ठरल्या मुदतीत नाही झाली, तर त्याची पाणथळीवर बदली, डासांची शिरगणती करायला.

शूलपाणींच्या झाडावर भोके होती दोन. दोन्ही उल्लेख त्यांच्या आईने शेजारणीपाशी केले होते.

“मुदतीला आठवडा उरलाय,” सुतारपक्षी म्हणाला. “अहो, काहीतरी नवीन लिहा. चिखल फार जुना झाला.”

शूलपाणी तडक बाहेर पडले. डासांना ते फार घाबरत. जंगलभर हिंडता हिंडता त्यांना एका वेलीवर शेंगा दिसल्या. सोनेरी, मखमली, अगदी गोजिरवाण्या. त्यांनी त्या स्वतःच्या काट्यांवर घासून पाहिल्या. काही म्हणजे काहीच झाले नाही! संध्याकाळपर्यंत निबंध तयार : ‘खाजेवर मखमली शेंगांचा लेप’.

ती खाजकुइली होती, मुलांनो.

सकाळी सगळ्यांनी, पुढे कधी खाज सुटू नये म्हणून, लेप लावला. हत्ती दोन पायांवर नाचू लागले. हरीण वाघाला पाठ घासू लागले आणि वाघ हरणाला, आणि आपण काय करतोय हे दोघांच्याही लक्षात आले नाही. माकडे एकमेकांना खाजवता खाजवता झाडावरून धपाधप खाली पडली.

“कुणी लिहिलं हे?” झिपरी किंचाळली.

“शूलपाणींनी! त्यांच्या नव्या निबंधात!”

टक्!

“शूलपाणींचा निबंध साफ खोटा आहे!”

टक्!

“आग लावा त्या निबंधाला!”

टक् टक्!

दुपारपर्यंत तीनशे भोके झाली. त्यांत पोपट बिऱ्हाडे थाटू लागले.

शूलपाणी रडवेले होऊन धावत आले. “चिखलात लोळा, सगळे चिखलात लोळा! माझा निबंध चुकला!”

टक्!

“अरे, हे कशाला?”

“स्वतः केलेला उल्लेखही धरतात,” सुतारपक्षी घाम पुसत म्हणाला. “नियमात बसतं.”

प्राणी चिखलात लोळले आणि तासाभरात गार झाले. हे औषध कुणाचे, ते विचारायचे कुणालाच सुचले नाही.

मग सिंहमहाराज आले, शेपटीपर्यंत चिखलाने माखलेले. त्यांनी शूलपाणींना हार घातला.

“चारशे बारा! इतका प्रभाव आजवर कुणाचा पडला नाही. मी स्वतः पाठ घासून तीन झाडे पाडली.”

“पण महाराज, निबंध चुकीचा होता हो.”

“असेल. भोके मोजायला आमच्याकडे पक्षी आहे. चूक की बरोबर ते मोजायला नाही.”

शूलपाणी आणखी काही बोलणार, तोवर राजवैद्याची पगडी त्यांच्या डोक्यावर बसली. ती काट्यांत अशी अडकली की ओढूनही निघेना.

“आता पुढचा निबंध डोळ्यांवर लिहा,” महाराज प्रेमाने म्हणाले आणि टाळ्यांची वाट पाहू लागले.

टाळ्या आल्या नाहीत. त्यांनी मागे वळून पाहिले, तर सगळे प्राणी पिल्ले-कच्चीबच्ची घेऊन शेजारच्या जंगलाकडे पळत होते. एकटा सुतारपक्षी फांदीवर चोच परजत बसला होता.

तात्पर्य : बरोबर लिहिले तर लोक बरे होतात आणि आपापल्या घरी जातात. म्हणून मुलांनो, मोठे व्हायचे असेल तर चुका. पण अर्धवट चुकू नका. साऱ्या राज्याला खाज सुटली पाहिजे.