भागूमावशीचं भोकाचं घमेलं

भागूमावशीकडं दोन घमेली होती. एक सरकारी, माती वाहायचं. दुसरं तिचं स्वतःचं, बुडाला भोक पडलेलं. त्यात माती टिकायची नाही, पाणी टिकायचं नाही. तरी ते काखोटीला मारून ती पारनेरकडच्या आमच्या दुष्काळी कामाच्या रस्त्यावर रोज हजर. मी तिथं नवाकोरा हजेरी कारकून. पहिल्याच दिवशी शहाणपणा केला.

"मावशी, हे भंगारात द्या की."

"धाकटं सायेब, ह्याचं काम पडंल तवा कळंल."

ते काम माझ्याच निमित्तानं पडलं.

मावशीचा हट्ट एकच: "एकटीनं जायचं न्हाई." पाण्याला दोघी, झुडपाआड दोघी, हत्यारं आणायला तंबूत दोघी. सकाळी ती बायकांच्या जोड्या लावायची आणि कुणी जोडी मोडली की सासूसारखी कडाडायची. मला हा निव्वळ चक्रमपणा वाटायचा. जेवणाच्या सुट्टीत मी तिची नक्कल करायचो. हुबेहूब जमते, असं खुद्द मुकादम म्हणाला होता.

एकदा खडी फोडताना शेवंताचं बोट ठेचलं. विशीची पोर. मी पडलो दयाळू. "चल, टिंचर लावतो," म्हणत तिला तंबूत बोलावलं. ती दारातच थबकली, चेहरा पांढराफटक. वाटलं, टिंचरला भ्याली. मी बूच काढतोय तोच बाहेर ठण्ण! भोकाचं घमेलं. मग शेजारचं. मग अख्ख्या रस्त्याची घमेली! मी असा दचकलो की बाटली माझ्याच पांढऱ्या पॅंटीवर उपडी. बाहेर आलो तो शेकडो बायकांपुढं, मीच जखमी झाल्यासारखा.

"अहो, मी फक्त औषध..."

"मंग भाईर लाव," मावशी म्हणाली. " औषदाला कशाची आलीया लाज?"

बायका पोट धरून हसल्या. शेवंता हसली नाही. ती मावशीला बिलगून रडायला लागली आणि रडतारडता बोलली. मुकादम तिला हत्यारांच्या तंबूत बोलवायचा, हात धरायचा, 'नाही म्हणशील तर उद्यापासून येऊ नको' म्हणायचा. त्या साली काम सुटणं म्हणजे घरची चूल विझणं.

गलका ऐकून ओव्हरसियरसाहेबांची जीप आली. मुकादम म्हणाला, "साहेब, पोरगी खोटारडी आहे."

"मंग आमी समद्याच खोटारड्या," मावशी म्हणाली आणि मटकन खाली बसली. तिच्यामागं सगळ्या बसल्या. एक टिकाव हलेना. दिवस कलायच्या आत मुकादम जीपमध्ये बसून गेला, तो पुन्हा दिसला नाही. हत्यारं तेव्हापासून उघड्या माळावर मिळू लागली.

एवढ्यावर थांबली तर ती मावशी कसली! बाजाराच्या दिवशी ती गावच्या पारावर गडीमाणसांपुढं उभी राहिली. सोबत मी, त्याच डागाळलेल्या पॅंटीत. तिचा तसा हुकूमच होता.

"ह्यो बगा," ती म्हणाली, "चांगला मानूस. तरी बी आमी घमेली वाजवली. चांगल्याची पॅंट बिगडती, पन पोर वाचती. आन् पोर घरी यून काय बोलली तर 'तू तितं कशाला गेल्तीस?' इचारू नगा. 'त्यो कोन?' इचारा."

एक म्हातारा पचकन थुंकून उठून गेला. बाकीचे आपापल्या वहाणा बघत राहिले. पण बसून राहिले.

परतताना दिवस मावळला. मावशीची वस्ती ओढ्यापलीकडं. सगळ्यांच्या जोड्या लावणाऱ्या बाईची जोडी कोण, हे मला तेव्हा कुठं सुचलं.

"मी येतो सोडायला."

"ये. पन पुढं चाल. मागं नगं."

मी पुढं निघालो. मागून टिक्, टिक्. ती घमेल्याच्या काठावर अंगठी वाजवत होती.

"मावशी, इथं कुणाला जमवताय?"

"कुनाला न्हाई." पुन्हा टिक्, टिक्. "तरनी हुते तवा ह्याच ओढ्यात लई वरडले. ऐकाया कुनी नव्हतं. तवापासनं वाजवीतच जाते."

मी पावलं आखडून तिच्या चालीनं चालू लागलो. बाभळीच्या वळणावर मागचा आवाज एकाएकी बंद झाला. गर्रकन वळलो. मावशी घमेलं काखोटीला मारून स्वस्थ चालत येत होती.

"काय झालं?"

"कुटं काय? वाजवायचं ध्यानातच ऱ्हाईना. पुढं मानूस हाय न्हवं." आणि लगेच खेकसली, "तोंड तिकडं! चाल."